गाणं, पडदा आणि पेटी

गोव्यातल्या साखळीच्या आसपासच्या गावांत पेटी म्हटलं की आधी हार्मोनियम आठवते. मीही या कामात आले ती पेटी वाजवतच. बांधकामावरच्या मजुरांची थकलेली मजुरी मिळवून देणारा एक छोटा गट होता, त्यांना कार्यक्रमाला साथ करणारं कुणी मिळत नव्हतं. अभंग, चार नाट्यपदं, मग वीस मिनिटांचा माहितीपट आणि शेवटी मदतीचं आवाहन. त्या दिवसानंतर मी तिथेच राहिले. आता दर वर्षी कॉलेजातली मुलं-मुली येऊन विचारतात, "आम्हाला गाता येतं, कॅमेरा चालवता येतो. मानवी हक्कांसाठी काय करता येईल?" हे त्यांच्यासाठी.

सुरुवात आमच्या चुकीपासून करते. पर्वरीकडच्या एका साइटवर उत्तर कर्नाटकातून आलेली एक बाई घमेली वाहायची. महिन्याची मजुरी अडकली होती. तिने कॅमेऱ्यासमोर सगळं सांगितलं, मुकादमाच्या नावासकट. देवळाच्या सभागृहात तो माहितीपट दाखवला तेव्हा मानाने आम्ही तिला पहिल्या रांगेत बसवलं. पडद्यावर तिचा चेहरा भिंतीएवढा झाला आणि मागून कुणीतरी "हीच ती" म्हणालं. तिने पदर तोंडावर ओढला, मुलीचा हात धरला आणि बाजूच्या दाराने निघून गेली. मुलीच्या हातातला भज्यांचा कागद खुर्चीवरच राहिला. लोक डोळे पुसत होते, देणगीच्या पेटीत नोटा पडत होत्या. कुणीतरी फोनवर घेतलेला तुकडा चार दिवसांत मुकादमापर्यंत पोचला आणि तिला "उद्यापासून येऊ नको" असं सांगण्यात आलं.

तिने हो म्हटलं होतं, हे खरं. पण फोनवर काढतात तसा व्हिडिओ असेल, एवढंच तिला वाटलं होतं. गावासमोर आपण एवढ्या मोठ्या दिसू, याची तिला कल्पना नव्हती आणि आम्ही ती दिली नव्हती.

तेव्हापासून आम्ही तीनदा विचारतो. चित्रीकरणाआधी एकदा, मग संकलन झाल्यावर तिच्या खोलीत बसून तिला सगळं दाखवून, आणि मग प्रत्येक खेळाआधी, गाव आणि येणारे लोक कोण ते सांगून. तिसऱ्या वेळी 'नाही' असं उत्तर आलं तर खेळ रद्द करायचा, हॉलचे पैसे गेले तरी चालतील. लहान मुलांवरच्या किंवा लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर ओळख कळेल असं काहीही दाखवू नका. नाव नाही, शाळा नाही, घराचा रस्तासुद्धा नाही. २०१२चा पोक्सो कायदा आणि भारतीय न्याय संहिता दोन्हींत तो गुन्हा आहे.

पुढच्या माहितीपटाच्या वेळी त्याच बाईने सुचवलं, चेहरा नको, हात दाखवा. आम्ही तिचे हात दाखवले. सिमेंटने चिरलेली बोटं आणि अंगठ्याभोवती गुंडाळलेली चिंधी. आवाज तिचाच, कानडी, खाली मराठी अक्षरं. त्या खेळाला कुणी फारसं रडलं नाही. पण नंतर तीन जणांनी येऊन विचारलं, की आमच्या घराचं काम चालू आहे, मजुरांना पैसे ठेकेदार वेळेवर देतो का हे आम्ही कसं बघायचं. माझ्या मते तो जास्त यशस्वी कार्यक्रम होता.

गाण्यांची निवड करतानाही हेच डोक्यात ठेवा. करुण चाल लावली की पेटी भरते, म्हणून लोक ती लावतात. मला ते पटत नाही. ज्याचा हक्क बुडालाय तो भिकारी नाही. आमच्या घरात आजी पोर्तुगीज काळाचं सांगायची, की लग्नपत्रिका छापायची तरी आधी सेन्सॉरला दाखवावी लागे. १८ जून १९४६ला मडगावात समाजवादी नेते राममनोहर लोहियांची सभा झाली ती बोलण्याच्या हक्कासाठीच. गोव्याच्या माणसाला हक्काची भाषा नवी नाही, दयेच्या भाषेत बोलायची गरजच काय? मराठीतही रस्ता मळलेला आहे. ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि इतर नटांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव करून सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. नाटक विनोदी होतं, प्रेक्षक पोट धरून हसले. आणि त्या निधीच्या व्याजातून कार्यकर्त्यांना मानधन मिळालं.

आता कागदपत्रं. नवीन मुलांना याचा कंटाळा येतो, म्हणून १ ऑगस्ट १९७१ची गोष्ट सांगते. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पंडित रविशंकरांनी बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनला गळ घातली आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका दिवसात दोन मैफली झाल्या. सुमारे ४०,००० लोक आले. तिकिटांचे जवळपास अडीच लाख डॉलर युनिसेफकडे गेले. पण ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाचे त्याहून कितीतरी मोठे पैसे अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षं अडकून पडले, कारण करमाफीची व्यवस्था आधी केलेली नव्हती. तिकडे छावण्यांत माणसं मरत होती.

तेव्हा हिशेब आणि नोंदणी आधी, पोस्टर नंतर. स्वतःची संस्था नसेल तर नोंदणीकृत संस्थेच्या नावावरच पैसे घ्या, वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड कधीच लावू नका. देणगीवरची आयकर सवलत ('८०जी' म्हणून ओळखली जाते ती) हवी असलेल्या दात्याला सांगा, २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. आणि गोव्यात हमखास येणारी अडचण म्हणजे प्रेक्षकांतला परदेशी पाहुणा. तो प्रेमाने पाचशेची नोट पेटीत टाकतो. पैसा रुपयात असला, इथेच दिलेला असला, तरी कायद्याने ती परदेशी देणगीच. २०१०च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर घेता येत नाही. पेटीजवळ बसणाऱ्याला हे नम्रपणे सांगता यायला हवं. आम्ही अशा पाहुण्यांना कार्यक्रमाचं पत्रक देतो आणि बसून ऐकायला सांगतो.

माहितीपट दुसऱ्याचा असेल तर ओटीटीचं सबस्क्रिप्शन म्हणजे सभागृहात दाखवायचा हक्क नव्हे. दिग्दर्शकाला पत्र लिहा, आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. उघड्यावर कार्यक्रम असेल तर लाउडस्पीकर रात्री १०ला बंद. नोव्हेंबरात पणजीला इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, २००४पासून तो गोव्यातच भरतो. मोठे चित्रपट सोडून एकदा त्यातल्या इंडियन पॅनोरमा विभागातले नॉन-फीचर, म्हणजे माहितीपट वगैरे बघा. माणसासमोर कॅमेरा किती अंतरावर ठेवायचा, हे मी तिथे शिकले.

पेटी उघडली की मोजणी सगळ्यांसमोर होते, दोघांच्या सह्या घेऊन. पण आमचा खरा हिशेब दुसऱ्या रविवारी साइटवर वाचला जातो, मजुरांपुढे. पहिल्या वर्षी आम्ही ब्लँकेटं घेऊन गेलो होतो. त्याच बाईने ती बाजूला ठेवली आणि मुलीकरवी हिंदीतून विचारलं, "बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा पुरावा मागतात. तो आमच्याकडे कुठे आहे? वह्या द्या ना."

पुढच्या कार्यक्रमाच्या पैशातून खिशात मावतील अशा डायऱ्या आणि पेनं घेतली. आता हजेरी मजूर स्वतः लिहितात. ती मुलगी सरकारी मराठी शाळेत तिसरीला आहे. संध्याकाळी ती आईची डायरी मांडीवर घेते, तारीख टाकते, किती तास काम ते लिहिते, आणि आई अक्षर ओळखत नसली तरी रकान्यावर बोट ठेवून आजचा दिवस लिहिला ना, हे विचारून घेते.