स्वयंपाकघरात मोठी खिडकी करताय? आधी या चुका टाळा

स्वयंपाकघराचं काम काढलं की ओट्यासमोरची भिंत फोडून मोठी खिडकी घ्यावी, असं बहुतेकांना वाटतं. विचार चांगलाच आहे. ओट्यावर स्वतःची सावली पाडून चिराचिरी करण्यापेक्षा समोरून येणारा उजेड केव्हाही बरा. गडबड होते ती क्रमात. आधी काचेचं माप ठरतं आणि मग ओटा, नळ, शेगडी, चिमणी यांना उरलेल्या जागेत कोंबलं जातं. ओटा किती उंच, सिंक कुठे, हात कुठवर पोचतो हे आधी कागदावर मांडा. खिडकीची रुंदी, उंची आणि ती कशी उघडेल हे त्यावरूनच ठरवायचं.

भिंत न ओळखता फोडायला घेणं

भिंत भार पेलणारी आहे की खांब-तुळयांमधली नुसती भरणी, हे बांधकाम अभियंत्याकडून तपासून घेतल्याशिवाय छिन्नी लावू नका. भरणीच्या भिंतीत खिडकी वाढवणं तुलनेने सोपं असतं. भार पेलणाऱ्या भिंतीत वरच्या स्लॅबचं वजन नव्या लिंटेलवर, म्हणजे खिडकीच्या डोक्यावरच्या आडव्या तुळईवर, येतं, त्यामुळे त्याची जाडी आणि सळया हिशेब करूनच ठरवाव्या लागतात. काँक्रीटचा खांब किंवा तुळई थोडीशीही तासायची नाही, मग खिडकी दहा सेंटीमीटर अरुंद झाली तरी चालेल.

लिंटेल दोन्ही बाजूंना किमान १५० मिमी तरी भिंतीवर टेकलं पाहिजे. म्हणजे १.८ मीटरच्या खिडकीला निदान २.१ मीटरचं लिंटेल लागतं, आणि भार जास्त असेल तर टेकण वाढवावं लागतं. आधी वरच्या भाराला टेकू द्यायचे, मग भिंत कापायची. हा क्रम उलटला की भेगा ठरलेल्या. लिंटेल जागेवरच ओतलं असेल तर त्याखालचे टेकू साधारण दोन आठवडे हलवू नयेत. या दोन आठवड्यांचा हिशेब वेळापत्रकात नसतो, म्हणून गवंड्यावर घाई होते आणि पुढे कोपऱ्यातून तिरकी भेग निघते.

सिंकमागच्या भिंतीत पाण्याचे पाइप, विजेच्या वायरी आणि कधी गॅसची लाइनही असते. ती कुठून जाते हे आधी खुणावून घ्या आणि वळवायची असेल तर फोडकामाच्या आधी वळवा. बाहेरच्या भिंतीतला बदल म्हणजे परवानगीचा प्रश्नही आलाच.

उंबरा जुन्या जमिनीवरून मोजणं

इथे उंबरा म्हणजे खिडकीचा खालचा दगड. चुका सगळ्यात जास्त इथेच होतात, कारण माप घेतलं जातं तेव्हा जमीन आणि ओटा दोन्ही तयार नसतात. जुन्या फरशीवर नवी फरशी बसली तर जमीन सहज २५ ते ४० मिमी वर येते. तयार ओट्याची उंची तयार जमिनीपासून साधारण ८५ ते ९० सेंमी असते, आणि त्यात वरच्या दगडाचे १८-२० मिमीही धरलेले असतात. म्हणून भिंतीवर आधी तयार जमिनीची रेघ मारा, तिच्यावरून ओट्याची आणि मग उंबऱ्याची. तिन्ही रेघा पाणसळ लावून. हे अर्ध्या तासाचं काम आहे.

ओटा आणि उंबरा यांत १० ते १५ सेंमी अंतर ठेवा. सिंकमधले शिंतोडे चौकटीवर उडत नाहीत आणि मागे फरशीची एक पट्टी बसते. ओट्याचाच दगड सलग उंबऱ्यापर्यंत न्यायचा असेल तर चौकट १५-२० मिमीच्या पायरीवर बसवा, नाहीतर ओटा पुसताना पाणी थेट चौकटीखाली शिरतं.

उंबरा खाली आला की भिंतीतल्या नळाला जागा उरत नाही. नळ ओट्यावर बसणारा घ्यावा लागतो, त्याचं पाणी खालच्या कपाटातून आणावं लागतं आणि दगडाला साधारण ३५ मिमीचं भोक पाडावं लागतं. भोकाची जागा दगड कापायला जाण्याआधी ठरलेली हवी. बदकाच्या मानेसारखा उंच नळ ओट्यापासून ३५-४० सेंमी वर जातो. आत उघडणारं पल्लं असेल तर ते त्यालाच आदळतं आणि कायमचं अर्धवट उघडतं. नळ आधी निवडा, त्याची उंची चौकटीच्या रेखाटनात काढा, मग पल्ल्यांचा निर्णय घ्या.

मोठी काच, पण उघडते किती?

दोन रुळांची, दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी कधीच अर्ध्याहून जास्त उघडत नाही. १.८ मीटरच्या खिडकीतून हवा येते ती ९० सेंमीतून. तीन रुळांवर तीन पल्ली घेतली तर दोन-तृतीयांश मोकळं होतं. बिजागरीचं पल्लं जवळजवळ पूर्ण उघडतं. स्वयंपाकघरात वाफ आणि वास बाहेर जायला हवेत, म्हणून काचेच्या एकूण मापापेक्षा उघडणारं क्षेत्र महत्त्वाचं मानावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

१.८ मीटरसाठी एक सोयीची विभागणी अशी: मधे ८० सेंमीची स्थिर काच आणि दोन्ही कडांना ५०-५० सेंमीची बाहेर उघडणारी पल्ली. बिजागऱ्या बाहेरच्या टोकाला हव्यात. मग पल्लं उघडल्यावर स्थिर काचेच्या शेजारीच फट मिळते आणि दोन्हीकडून हात घालून मधल्या काचेची बाहेरची बाजू पुसता येते. बिजागरी मधल्या उभ्या पट्टीवर लावली तर उघडं पल्लंच आड येतं. वरच्या मजल्यावर ही बाब विसरली गेली की ती काच बाहेरून कधीच स्वच्छ होत नाही. बाहेर ग्रिल असेल तर पल्लं तिला न अडता फिरेल एवढी जागा आधीच मोजा.

हँडल कुठे आहे हेही बघा. ओटा ६० सेंमी खोल, त्यात भिंतीची जाडी. एवढ्यावरून वाकून वरचं हँडल गाठणं बुटक्या माणसाला जमत नाही. हँडल पल्ल्याच्या खालच्या भागात घ्या. बाहेर उघडणाऱ्या पल्ल्याला जाळी आतून लागते, तीही बिजागरीची असली तर पुन्हा नळाशी टक्कर होते. गुंडाळणारी किंवा घडीची जाळी इथे बरी पडते.

शेगडी खिडकीसमोर

नको. वाऱ्याने बर्नरची ज्योत विझू शकते आणि गॅस चालूच राहतो, पडदा जवळ असेल तर पेट घेऊ शकतो, काचेवर तेलाचा थर बसतो, आणि साधी काच एका भागात तापून दुसऱ्या भागात थंड राहिली की तडकते. शेगडीची कड खिडकीच्या कडेपासून किमान ४५ सेंमी बाजूला असावी. खिडकीसमोर सिंक ठेवा, शेगडी बंद भिंतीला.

चिमणीचा विषय यालाच जोडून येतो. बाजूच्या खिडकीतून आडवा वारा आला की धूर चिमणीत जाण्याआधीच पांगतो, मग चिमणी कितीही ताकदीची असो. पण उलटी बाजू जास्त गंभीर आहे. जुनी फटीफटींची खिडकी काढून घट्ट बंद होणारी नवी बसवली की चिमणी बाहेर फेकते तेवढी हवा आत यायला वाट उरत नाही. चिमणीची ओढ कमी होते. आणि त्याच हवेत गॅस गीझर असेल तर त्याच्या धुराड्यातला धूर, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडसह, उलटा घरात ओढला जाऊ शकतो. या वायूला वास नसतो. म्हणून चौकटीत कायम उघडी राहणारी हवेची पट्टी घ्या किंवा चिमणीपासून लांबचं पल्लं थोडं उघडं ठेवूनच चिमणी लावा.

काच निवडताना

काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला २.५ किलो. ६ मिमीच्या दोन काचांची दुहेरी काच म्हणजे चौरस मीटरला ३० किलो. १.८ × १.२ मीटरची खिडकी नुसत्या काचेची ६५ किलो होते. बिजागऱ्या आणि रोलर या वजनाला मंजूर असलेलेच लावायचे, नाहीतर पल्लं वर्षभरात खाली बसतं.

दुहेरी काच लावली की ऊन थांबलं, हा गैरसमज फार पसरलाय. हवेची पोकळी घरातली उष्णता बाहेर जाणं किंवा बाहेरची झिरपणं निम्म्यावर आणते, पण थेट उन्हाची साधारण ७० टक्के उष्णता साध्या दुहेरी काचेतूनही आत येते. पश्चिमेच्या खिडकीला सौर-नियंत्रणाचा लेप असलेली काच घ्या, ती हे प्रमाण २५ ते ४० टक्क्यांवर आणते. पश्चिमेला छज्जाचा फारसा उपयोग होत नाही, कारण दुपारनंतर ऊन खालून तिरकं येतं. तिथे उभे पडदे किंवा बाहेरच्या उभ्या पट्ट्या लागतात.

टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच भट्टीतून निघाल्यावर कापता किंवा भोकता येत नाही. म्हणून चौकटीची जागा गिलावा आणि उंबऱ्याच्या दगडासह तयार झाल्यावरच अंतिम माप घ्या. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, आणि दोन्ही कर्ण. कर्णांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर जागा काटकोनात नाही, आधी ती दुरुस्त करा. सगळ्यांत लहान मापातून दोन्ही बाजूंना ५ ते १० मिमी फट सोडा. युपीव्हीसी (चौकटींचं कडक प्लास्टिक) तापमानाने बरंच फुगतं. २ मीटरची चौकट ३० अंशांच्या फरकाने साधारण ४ मिमी वाढते, ॲल्युमिनियमची दीडेक मिमी. सिमेंटने घट्ट भरलेली चौकट मग वाकते आणि पल्ली अडकतात.

वरची कपाटं किती जाणार तेही मोजा. १.८ मीटरच्या खिडकीमुळे सुमारे ०.४ घनमीटर साठवण जाते, तिची सोय खालच्या खोल खणांत आधीच करा.

बसवणी आणि नंतरचे त्रास

उंबऱ्याचा दगड बाहेर उतरता हवा, भिंतीच्या पुढे ४०-५० मिमी आलेला, आणि खालच्या बाजूने पाणी तुटण्यासाठी खाच असलेला. खाच नसली की पाणी दगडाच्या पोटाला चिकटून भिंतीत परत येतं. चौकटीचे स्क्रू कोपऱ्यापासून १५० मिमीवर आणि पुढे ६०० मिमीच्या आत. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंट आणि संगमरवरावर नीट धरत नाही आणि धातूलाही खराब करतं.

पावसात आत पाणी येतंय? आधी चौकटीच्या बाहेरची पाणी निघायची छिद्रं बघा. ती सिमेंट किंवा सिलिकॉनने बुजलेली सापडतात, आणि लोक मात्र आतून आणखी सिलिकॉन भरत राहतात. छिद्रं मोकळी असतील तर पाइपने पाणी मारून तपासा: खालून सुरुवात, प्रत्येक पातळीवर ५ मिनिटं, मग वर. ज्या पातळीला आत ओल दिसेल तिथेच दोष. वरून सुरुवात केली तर सगळीकडे ओल होते आणि काहीच कळत नाही.

दुहेरी काचेच्या मधोमध धुकं साठलं तर कडेचं सील गेलंय. ते पुसून जात नाही, तेवढं काचेचं युनिट बदलावं लागतं, चौकट नाही. आतल्या पृष्ठभागावर बाष्प येत असेल तर ती वाफ स्वयंपाकाची आहे. तिथे हवा खेळती करणं हाच उपाय.

पल्लं खाली घासत असेल तर नुसती बिजागरी आवळू नका. काच काढून तिच्याखालच्या पॅकिंगच्या ठोकळ्या बघा. एक ठोकळी खाली बिजागरीच्या बाजूला आणि दुसरी तिच्या तिरक्या समोर वर, अशी नसेल तर काचेचं वजन पल्ल्याला वाकवतं.

काचेच्या कडेपासून काटकोनात निघालेला तडा बहुधा उष्णतेचा असतो. तो टफन्ड नसलेल्या काचेतच दिसतो, कारण टफन्ड काच फुटली तर तिचा एकदमच चुरा होतो. तिथे शेगडी, अर्धवट सावली किंवा नंतर चिकटवलेली गडद फिल्म शोधा. आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून भिंतीत ४५ अंशांची भेग निघाली तर तिच्या टोकाशी पेन्सिलने तारीख लिहा. भेग त्या खुणेपुढे गेली तर पुट्टी भरू नका, अभियंत्याला बोलावून लिंटेल तपासून घ्या.