ओटीत नव्याने येताय? हात कुठे ठेवायचे, तोंड कधी उघडायचं

ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, पहिल्या दिवशी मला एकच काम दिलं होतं. भिंतीशी उभं राहायचं, हात छातीशी धरायचे आणि कशालाही शिवायचं नाही. जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाची, तीन वर्षं करून आलेल्या मुलीला हे काम म्हणून सांगतात याचा तेव्हा राग आला होता. आता कोल्हापुरात ओटीतच बारा वर्षं झाली, आणि माझ्याकडे नवीन मुलगी आली की मीही तिला पहिल्या दिवशी तेवढंच सांगते.

तिथं उभं राहिलं की आधी माणसं कळतात. साध्या अपेंडिक्सच्या केसलाही सात-आठ जण असतात. सर्जन आणि त्यांचे असिस्टंट, हातात हत्यारं देणाऱ्या स्क्रब सिस्टर, हे स्क्रब झालेले, म्हणजे हात धुऊन, गाऊन-ग्लोव्हज घालून उभे. त्यांनी बाहेरच्या कशालाही हात लावायचा नाही. डोक्याकडे भूलतज्ज्ञ. पेशंटचा श्वास, नाडी, बीपी सगळं त्यांच्या ताब्यात, त्यामुळे त्यांनी थांबा म्हटलं की सर्जनही थांबतात. टेक्निशियन कॉटरी (विजेनं कापायचं, रक्त थांबवायचं यंत्र), सक्शन (रक्त ओढून घेणारं), टेबल, लाइट बघतात. पेशंट आत आणणारे, त्याला टेबलावर नीट वळवणारे मामा आणि दोन केसच्या मध्ये फरशी पुसून घेणाऱ्या मावशी. आणि स्क्रब न होता खोलीभर फिरून हवं ते आणून, उघडून देणारी फ्लोअर सिस्टर.

नव्या मुलींना बहुतेक आधी फ्लोअरलाच लावतात आणि त्यांना वाटतं, आपल्याला वरकामाला ठेवलं. तसं नाही. स्क्रब झालेल्यांची नजर जखमेवर असते. अख्खी खोली दिसते ती फ्लोअर सिस्टरला. असिस्टंटची कोपर लाइटला लागली, पेशंटवरचं कापड, म्हणजे ड्रेप, टेबलाखाली घसरला, कुणी गाऊनची पाठ ट्रॉलीकडे करून उभा राहिला, हे तीच बघू शकते. बघितलं तर तिनं मोठ्यानं सांगायचं असतं, आणि अवघड जातं ते हेच.

आधी स्टराइल, म्हणजे निर्जंतुक, किती धरायचं ते नीट समजून घ्या. गाऊन पुढून, छातीपासून टेबलाच्या उंचीपर्यंतच स्टराइल धरतात. बाह्या मनगटापासून कोपराच्या दोन इंच वरपर्यंत. काख, खांदा, पाठ धरत नाहीत. म्हणून हाताची घडी घालून बोटं काखेत दडवायची नाहीत. हत्यारं मांडलेल्या ट्रॉलीचा फक्त वरचा भाग स्टराइल, कडेखाली लोंबणारं कापड नाही. दोन स्क्रब झालेली माणसं एकमेकांना ओलांडताना पाठीला पाठ करून जातात. हात धुताना बोटं वर, पाणी कोपराकडून खाली गळू द्यायचं, तीन ते पाच मिनिटं. अंगठी, घड्याळ, बांगड्या सगळं बाहेर. नवीन लग्न झालेल्या मुलींना हिरवा चुडा उतरवायचं जिवावर येतं, घरी सासूबाईंनाही ते आवडत नाही, पण त्यात तडजोड नाही.

हे सगळं समजावताना बरेच जण सोवळ्या-ओवळ्याची उपमा देतात. मला ती आवडत नाही, आणि शाहू महाराजांच्या गावात तर मुळीच नको. सोवळं माणूस कोण ते बघतं. ओटीत ग्लोव्हज नसतील तर सर्जनचा हात आणि मावशींचा हात सारखाच.

आता माझी चूक सांगते. शहरातल्या एका हॉस्पिटलात मी दुसऱ्याच महिन्यात होते. जुलै. बाहेर पावसानं उसंत घेतली नव्हती, पंचगंगेचं पाणी चढत होतं, आणि ओटीच्या लिस्टला पाच केस. कापडात बांधलेला हत्यारांचा सेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात, १२१ अंशांवर ३० मिनिटं ठेवतात आणि नंतर आतच वाळू देतात. त्या दिवशी घाईत मी वाळवणीचा वेळ पुरा होऊ न देता सेट बाहेर काढला. पुडक्यावरच्या टेपवर काळ्या रेघा उमटलेल्या होत्या, म्हणून मला वाटलं झालं. त्या रेघा एवढंच सांगतात की पुडक्याला वाफेची उष्णता लागली. आत सगळं निर्जंतुक झालं का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी पुडक्याच्या आत वेगळी पट्टी ठेवतात आणि ठरावीक दिवसांनी जंतूंची चाचणीही करतात.

हर्नियाची केस होती. पेशंटला पाठीतून भूल दिलेली, सर, म्हणजे सर्जन, हात धूत होते. मी सेट उघडून दिला तेव्हा खालच्या बाजूला रुपयाएवढा ओला डाग दिसला. मला दिसला. ओल्या कापडातून जंतू आरपार जातात, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. तरी मी गप्प बसले. सर चिडतील, लिस्ट लांबेल, चूक माझीच निघेल. अर्धा मिनिट गेला असेल. स्क्रब सिस्टरनं सेट ट्रॉलीवर ठेवला आणि थबकली.

"ओला हाय की गं ह्यो. कुणी बघितलं न्हाई?"

"मी बघितलं होतं," मी म्हणाले. आवाज फुटत नव्हता.

सेट ट्रॉलीवर ठेवलेला, म्हणजे ट्रॉलीही गेली. सगळी कापडं काढली, सिस्टरनं गाऊन-ग्लोव्हज बदलले, खालच्या मजल्यावरून दुसरा सेट आणला. पंधरा मिनिटं. मी आधीच बोलले असते तर फक्त एक सेट परत गेला असता. सर चिडले, हे खरं. लिस्ट संपल्यावर सिस्टरनं मला चहाला बसवलं. "सर चिडलं तर दोन मिन्टं चिडतील. त्या बाबाची जखम पिकली तर त्येचा म्हैना जाईल, रानातलं काम कोण करणार त्येचं? चुकलीस तर चुकलीस. गप्प बसू नगंस."

तेव्हापासून मी शंका आली की सेट परत पाठवते. खात्री होईपर्यंत थांबत नाही. शंका आली की ते अनस्टराइल, एवढाच नियम.

बोलायला जागा मिळावी म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेची चेकलिस्ट आणली. भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर नेण्याआधी असे तीन थांबे. आठ शहरांत, त्यात दिल्लीही होतं, ती वापरून बघितली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. काही ठिकाणी मात्र कागदावर नुसत्या टिका मारतात, केस संपल्यावर एकदम. तुम्ही तसं करू नका. पेशंटचं नाव, कुठलं ऑपरेशन, कुठली बाजू, हे मोठ्यानं म्हणा.

गॉझ, मॉप (रक्त टिपायची लहान-मोठी कापडं), सुया यांची मोजणीही मोठ्यानं आणि दोघींनी मिळून. एकदा पोट बंद करायच्या आधी आमचा एक गॉझ कमी भरला. सर टाके न घालता थांबले. बादली उपसली, कपडे झटकले, शेवटी तो टेक्निशियनच्या चपलेच्या तळाला चिकटलेला सापडला. दहा मिनिटं गेली, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

या कामात यायच्या वाटा: बारावीनंतर जीएनएम तीन वर्षं किंवा बीएस्सी नर्सिंग चार वर्षं. टेक्निशियन व्हायचं असेल तर आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पॅरामेडिकलचा पदवी कोर्स, तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. शिकताना सरकारी रुग्णालयात जितक्या केस बघता येतील तितक्या बघा, तिथं इमर्जन्सी भरपूर येतात.

आणि सकाळी खाऊन या. उपाशीपोटी, मास्क लावून, कॉटरीच्या धुरात तास-तास उभं राहिलं की भोवळ येते. डोळ्यांपुढं अंधारी आली तर टेबल धरायला जाऊ नका. मागं सरका, भिंतीला टेकून खाली बसा आणि "मला गरगरतंय" असं सांगा. मामा येतात, बाहेर नेतात, पाणी देतात.