संगीत नाटकाचा छोटा रंगमंच : विंगा, झालरी आणि गुंडाळणारे पडदे

प्रदर्शनासाठी रंगमंचाची प्रतिकृती करायची म्हटलं की बहुतेक वेळ सोनेरी कमान रंगवण्यात जातो, आणि आत डोकावलं की दोन्ही बाजूंच्या कोऱ्या पुठ्ठ्याच्या भिंती दिसतात. प्रेक्षकाला काय दिसावं आणि काय दिसू नये, याची आखणी म्हणजे रंगमंच. ती आखणी विंगा (दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या पट्ट्या), झालरी (वरून आडव्या लोंबणाऱ्या पट्ट्या) आणि पडदे करतात. ते मापात बसले तर साधी कमानही शोभते.

नाटक निवडूनच कामाला लागा, नाहीतर पडद्यांवर काय रंगवायचं हे शेवटपर्यंत ठरत नाही. इथे ‘संगीत शाकुंतल’ धरलं आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, आणि हे नाटक रंगमंचावर आलं ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात. सीमाभागातल्या मराठी शाळेला याहून जवळचा विषय शोधूनही मिळणार नाही. शिवाय कण्वांचा आश्रम आणि दुष्यंताचा दरबार एवढ्या दोन पडद्यांवर काम भागतं.

प्रमाण १:२० ठेवा. म्हणजे खऱ्या मंचावरचा १ मीटर इथे ५ सेंमी. मंचाचं तोंड ८ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच धरलं तर प्रतिकृतीत ४० बाय २० सेंमी होतं. खोली ६ मीटर, म्हणजे ३० सेंमी. दर्शनी पडद्याच्या पुढे आणखी १ मीटर मोकळा मंच, म्हणजे ५ सेंमी. जमिनीपासून मंचाची उंची १ मीटर, म्हणजे ५ सेंमी. १.६५ मीटर उंचीचा नट सव्वाआठ सेंमीचा होतो, २.१ मीटरचा दरवाजा साडेदहा सेंमीचा, आणि १५ सेंमीची पायरी फक्त साडेसात मिलिमीटरची. बाजारातली तयार बाहुली आणून उभी केली की हे सगळं प्रमाण कोसळतं. बाहुल्या स्वतः करा, मातीच्या किंवा पुठ्ठ्याच्या. गोकाकची लाकडी खेळणी सुंदर असतात, पण उंची सव्वाआठच्या आसपास असेल तरच इथे ठेवा.

सामान असं लागेल : पाचपदरी खोक्याचा पुठ्ठा (किराणा किंवा टीव्हीच्या दुकानात मागितला तर मिळतो), विंगांसाठी तीनपदरी पुठ्ठा, तळाला ७० बाय ४५ सेंमीचा ६ मिमी प्लायवूड, फेविकॉल, कटर, स्टीलची पट्टी, गुण्या, ६ मिमीच्या लोखंडी सळईचे दोन तुकडे (गेट-ग्रिल करणाऱ्याकडे), झालरी आणि पडदे टांगायला लाकडी काड्या, पातळ मांजरपाट किंवा पॉपलिन आणि जाड दोरा. थर्माकोल वापरूच नका. कोपरे खपतात, आणि स्प्रे रंग किंवा सॉल्व्हंटवाला गोंद लागला की ते विरघळून खड्डे पडतात.

पेटी

आतली रुंदी ६४ सेंमी हवी : ४० चं तोंड आणि दोन्ही बाजूंना १२-१२. मंचाच्या पृष्ठभागापासून वरपर्यंत २८ सेंमी. मागची भिंत ६४ बाय ३३, बाजूच्या दोन भिंती ३० बाय ३३, आणि पुढची पाटी ६५ बाय ३३, कारण ती दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या कडा झाकते. पाटीला तळापासून ५ सेंमी सोडून ४० बाय २० चं तोंड कापा. पुठ्ठ्याची जाडी विसरणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. मंच ५ सेंमी उंच हवा आणि वरचा पुठ्ठा अर्ध्या सेंमीचा असेल तर खालच्या आधाराच्या पट्ट्या साडेचारच्याच कापायच्या. या पट्ट्या आठ-आठ सेंमीवर उभ्या चिकटवा. कमी लावल्या तर पंधरवड्यात मंच मधोमध बसतो.

पुठ्ठा एका दमात कापू नका. पट्टी घट्ट धरून तीन-चार हलके हात मारा. एकदम जोर लावला की आतली पन्हाळी दबते, कड फाटते आणि पातं घसरून बोटावर येतं. लहान इयत्तेतल्या मुलांच्या हाती कटर द्यायचा नाही, कापणं मोठ्यांनी करावं.

एका बाजूची भिंत पुठ्ठ्याऐवजी पारदर्शक प्लास्टिक शीटची केली तर विंगांच्या मागची जागा बघणाऱ्याला दिसते. परीक्षकांचे निम्मे प्रश्न तिथूनच येतात. आतून सगळं काळं रंगवा, पण चकाकी नसलेलं, नाहीतर दिवे भिंतीवर चमकतात. पोस्टर कलरमध्ये थोडा फेविकॉल मिसळला की हाताला लागत नाही. पुठ्ठा एकाच बाजूने ओला झाला की वाकतो, म्हणून रंग दोन्ही बाजूंनी लावा आणि वाळेपर्यंत वर वह्यांचं ओझं ठेवा. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, फेविकॉल रात्रभर ठेवूनही ओला राहतो. जोड पक्का होईपर्यंत पुढचा भाग चढवू नका.

विंगा कुठे लावायच्या

इथे घाई नको. पहिल्या रांगेत अगदी डाव्या टोकाला बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. तो दर्शनी चौकटीपासून ४ मीटरवर, म्हणजे प्रतिकृतीत २० सेंमीवर आहे, आणि तोंडाच्या डाव्या कडेच्या सरळ रेषेत बसला आहे. त्याची नजर उजव्या कडेला घासून आत शिरते ती फार तिरकी : आत १ सेंमी गेली की बाजूला २ सेंमी सरकते. म्हणून पहिली विंग चौकटीच्या अगदी जवळ लागते. पुढच्या विंगांपाशी ही तिरपाई कमी होत जाते, म्हणून मागची अंतरं वाढवता येतात.

विंगा ९ सेंमी रुंद, २५ सेंमी उंच, अशा चार जोड्या कापा. चौकटीपासून ३, ७, १२ आणि १८ सेंमीवर त्या उभ्या करा. पहिली जोडी तोंडाच्या कडेपेक्षा १ सेंमी आत, दुसरी २, तिसरी ३, चौथी ४. मागचा पडदा २६ सेंमीवर. सगळ्या विंगा सारख्या अंतरावर लावल्या तर पुढच्या फटीतून भिंत दिसते आणि मागे विंगा उगाच दाटतात. पडद्यामागे उरलेले ४ सेंमी बुजवू नका. खऱ्या मंचावर नट तिथूनच या विंगेतून त्या विंगेत जातो.

विंगा आधी टाचण्यांनी उभ्या करून तपासा. डाव्या टोकाच्या प्रेक्षकाच्या जागी दोऱ्याचं एक टोक धरा, दोरा चौकटीच्या उजव्या कडेला टेकवून आत ताणा. तो विंगेवर आपटला पाहिजे, भिंतीवर नाही. मग पहिल्या विंगेच्या कडेवरून दुसरीसाठी, आणि तसंच पुढे. नंतर मोबाइल उलटा धरा, म्हणजे कॅमेरा खाली येतो, आणि त्याच जागेवरून, तळापासून ६ सेंमी उंचीवरून फोटो काढा. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाचा डोळा मंचाच्या पातळीपेक्षा जेमतेम २० सेंमी वर असतो, म्हणून ही उंची. फोटोत भिंत दिसली तर विंग थोडी पुढे ओढा. पक्कं करायचं ते त्यानंतरच.

झालरींची गोष्ट तीच, फक्त उभ्या दिशेने. प्रत्येक विंगेच्या जोडीवर ७ सेंमी उंचीची काळी झालर, काडी मंचापासून २६ सेंमी उंचीवर आणि खालची कड १९ वर. खालून वर बघणाऱ्याची नजर मागच्या पडद्यापाशी जवळजवळ २३ सेंमीपर्यंत चढते. त्यामुळे गुंडाळलेला पडदा त्याच्यावर राहिला पाहिजे, आणि म्हणूनच पेटी २८ उंच घेतली आहे.

गुंडाळणारे पडदे

पडदा न गुंडाळता सरळ वर ओढायचा तर त्याच्या उंचीएवढीच जागा वर मोकळी लागते. गावोगाव फिरणाऱ्या कंपनीला तेवढं उंच छप्पर प्रत्येक ठिकाणी कुठून मिळणार? म्हणून खालून गुंडाळत जाणारा पडदा सोयीचा, आणि प्रतिकृतीतही तोच करावा.

आश्रमाचा पडदा १५ सेंमीवर, तिसऱ्या आणि चौथ्या विंगेच्या मधे, ४४ सेंमी रुंद. दरबाराचा २६ वर, ५२ रुंद. कापडाची वरची कड २७ सेंमी उंचीवरच्या काडीला पक्की चिकटवा. काडी दोन्ही भिंतींवर टेकते. खालच्या कडेला सळई गुंडाळून चिकटवा. आता प्रत्येक टोकापासून ५ सेंमी आत एक दोरा वरच्या काडीला बांधा, पडद्याच्या मागून खाली आणा, सळईखालून पुढे काढा आणि पुन्हा वर नेऊन वरच्या काडीला अडकवलेल्या कडीतून बाजूला घ्या. खिडकीच्या चिकाचा पडदा असाच गुंडाळतो. दोन्ही दोरे एकत्र ओढले की सळई फिरत फिरत वर जाते.

पडदा तिरका चढत असेल तर दोरे समान लांबीचे नाहीत. खाली येताना अडकत असेल तर सळई हलकी आहे. तिच्या जागी लाकडी काडी घातली की हेच होतं.

कापडाला आधी खळ लावून इस्त्री करा. पोस्टर कलर गुंडाळल्यावर सालपटं निघून पडतो, त्यामुळे फॅब्रिक कलर पातळ करून वापरा. चित्र काढताना क्षितिजाची रेषा मंचापासून साडेसात सेंमीवर आखा, म्हणजे ती उभ्या नटाच्या डोळ्यांच्या पातळीत येते. दरबाराच्या खांबांच्या आणि फरशीच्या रेषा तिकडेच वळवा. रेषा खाली घेतली तर दुष्यंत महालापेक्षा मोठा दिसायला लागतो.

दर्शनी पडद्याला मखमल नको, एवढ्या लहान मापात तिला चुण्या पडत नाहीत. धुऊन मऊ केलेला खणाचा ब्लाउजपीस उत्तम. त्यावरची अर्ध्या सेंमीची बुटी खऱ्या मापात १० सेंमीची होते आणि पटते. शहापूर-वडगावच्या विणकरांकडे साडीचा काठ मिळाला तर तो खालच्या कडेला लावा. कापड तोंडाच्या दुप्पट, म्हणजे ८० सेंमी घ्या. दोन भाग मधे २ सेंमी एकमेकांवर यायला हवेत, नाहीतर उजेडाची फट दिसते.

दिवे

घरातल्या २३० व्होल्टला हात लावायचा नाही. तीन पेन्सिल सेल, म्हणजे साडेचार व्होल्ट पुरे. पांढऱ्या एलईडीला ६८ ओहमचा आणि पिवळ्याला १५० ओहमचा रेझिस्टर, प्रत्येकाला स्वतंत्र. एकाच रेझिस्टरवर दोन्ही रंग जोडले तर कमी व्होल्टवर लागणारा पिवळा सगळा प्रवाह ओढतो आणि पांढरा मंदच राहतो. लांब पाय धन बाजूला. चार पांढरे झालरींच्या मागे, दोन पिवळे मंचाच्या पुढच्या कडेला. मधे स्विच हवाच, आणि नवे तीन सेल खिशात.

मंचासमोर तळावर १० सेंमी जागा उरते. तिथे एका बाजूला ऑर्गन आणि तबला ठेवा. गाण्याशिवाय हे नाटक नाही, साथीदार दिसलेच पाहिजेत.

पुढची पाटी चिकटवू नका, बोल्टने बसवा. बसमधून नेताना ती काढून पेटीच्या मागे बांधता येते, आणि बाहुल्या वेगळ्या डब्यात जातात. प्रदर्शनात प्रतिकृती बाकावर तशीच ठेवली तर सगळे वरून आत बघतात आणि विंगा-झालरींची मेहनत वाया जाते. बाकावर आणखी एक स्टूल चढवून मंच बघणाऱ्याच्या छातीच्या वर आणा. भागांची नावं मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा, आणि पट्ट्या पेटीच्या बाहेर, तळाच्या कडेला लावा.