टीव्हीवरचं हवामान नव्या रूपात: सांगली-साताऱ्याच्या प्रेक्षकांनो, या चुका टाळा

मराठी वृत्तवाहिन्यांवरचं हवामान आता ओळखू येत नाही. पूर्वी महाराष्ट्राचा सपाट नकाशा, त्यावर चार ढग, दोन सूर्य आणि कमाल-किमान तापमान, एवढ्यावर भागायचं. आता कॅमेरा आभाळातून सह्याद्रीवर झेपावतो, जिल्हे रंगांनी उजळतात, निवेदिकेच्या पायाशी स्टुडिओतच पाणी चढायला लागतं. त्यावर आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, "नुसता देखावा." दुसरी, "लाल दाखवलंय, आता काही खरं नाही." दोन्हीकडचे लोक चित्र बघतात, कुठे, कधी आणि किती हे मात्र बघायचं राहून जातं.

जिल्हा रंगला म्हणजे गाव रंगलं, असं समजणं

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. पडद्यावर अख्खा सातारा जिल्हा लाल होतो. माण तालुक्यातल्या दहिवडी-म्हसवडकडे मात्र लख्ख ऊन असतं, आणि तिथला माणूस हवामान खात्याच्या नावाने बोटं मोडतो. वास्तविक महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दोन्ही एकाच जिल्ह्यात. म्हणूनच हवामान खातं आपल्या अंदाजात 'सातारा घाट' वेगळा धरतं. टीव्हीच्या नव्या नकाशात तो पुष्कळदा जिल्ह्यातच विरघळून जातो, कारण ग्राफिक्स करणाऱ्याकडे जिल्ह्याची हद्द तयार असते, घाटाची नसते. हा दोष वाहिनीचा आहे, अंदाजाचा नव्हे.

रंगांचे अर्थ तरी पाठ असू द्यात: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पावसाच्या आकड्यांचंही ठरलेलं आहे. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून 'जोरदार', 115.6 पासून 'अति जोरदार' आणि 204.4 च्या वर गेला की 'अत्यंत जोरदार'. हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. सकाळच्या बातम्यांत "काल (कोयनेच्या खोऱ्यातल्या) नवजाला इतका पाऊस" असं येतं, त्यात मधल्या रात्रीचा पाऊसही धरलेला असतो.

निवेदक घाईघाईत म्हणतो ते 'तुरळक ठिकाणी' सोडू नका. त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव पर्जन्यमापक केंद्रांवर पाऊस, असा त्याचा हिशोब. पडद्यावरचा ढग मात्र जिल्हाभर पसरलेला असतो.

ढगाचं चिन्ह बघून फवारणी ठरवणं

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडच्या द्राक्षवाल्यांना हे जास्त लागू. ऑक्टोबर छाटणी झालीय, कोवळी फूट बाहेर आलीय आणि नव्या ग्राफिक्समध्ये सांगलीवर काळा ढग, त्यात चमकणारी वीज. अर्धा तासही जात नाही तोवर औषधाच्या दुकानात गर्दी. चिन्ह असतं सांगली शहराच्या ठिपक्यावर. जत तिथून ऐंशी-नव्वद किलोमीटर. शिवाय द्राक्षावरच्या दावण्या रोगाला किती मिलिमीटर पडला यापेक्षा पान किती वेळ ओलं राहिलं याच्याशी देणंघेणं असतं. दुपारी वीस मिलिमीटरची सर येऊन ऊन पडलं तर बाग निभावून जाते. रात्री तीन-चार मिलिमीटर झिमझिम, सकाळी धुकं आणि दहापर्यंत मळभ असेल तर खरी धास्ती. टीव्हीवरचं चिन्ह यातलं काहीच सांगत नाही; ढग रात्रीचा की दुपारचा हेसुद्धा नाही. त्यापेक्षा मंगळवार-शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला बघा, तो 'मेघदूत' ॲपवरही मिळतो. बेदाणा शेडवर टाकलेला असेल तर हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा तात्कालिक इशारा जास्त कामाचा, आणि वळवाच्या दिवसांत विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ॲप.

सूर्य दिसला म्हणून महापूर नाही, असं धरून चालणं

सांगलीवर पिवळाधमक सूर्य आणि त्याच दिवशी शहरातल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी चढतंय, हे आपल्याला नवं नाही. कृष्णेचा पूर सांगलीत पडणाऱ्या पावसावर ठरत नाही. कोयनेच्या आणि वारणेच्या खोऱ्यात काय पडलं, 105.25 टीएमसीच्या कोयना धरणात जागा किती उरली, विसर्ग किती क्युसेक, यावर ठरतो. हवामानाच्या नकाशात यातलं काहीच नसतं. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये टीव्हीवर सांगलीकडे कमी आणि कोयनानगर, नवजा, महाबळेश्वरच्या आकड्यांकडे जास्त बघा. आयर्विनला 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं.

स्टुडिओत निवेदिकेच्या कमरेपर्यंत चढणारं पाणी हा वेगळाच प्रकार. 2018 मध्ये फ्लोरेन्स चक्रीवादळाच्या वेळी अमेरिकेच्या 'द वेदर चॅनल'ने असं पाणी नऊ फुटांपर्यंत चढवून दाखवलं आणि ते जगभर गाजलं. तिथे प्रत्येक टप्प्याला फुटांचा आकडा होता, म्हणून त्याला अर्थ होता. आपल्याकडे आकडा नसेल तर ते पाणी सजावट समजा.

उपग्रहाचं चित्र म्हणजे पाऊस, असं समजणं

इन्सॅट उपग्रहाच्या अवरक्त (इन्फ्रारेड) चित्रात पांढरं किंवा लालभडक दिसतं तो थंड ढगमाथा, म्हणजे उंच ढग. पाऊस नव्हे. हिवाळ्यात खूप उंचावरचे विरळ ढग झगझगीत दिसतात आणि थेंबही पडत नाही. उलट पावसाळ्यात घाटमाथ्यावर बुटके ढग धो-धो कोसळतात, चित्रात मात्र फिकट राहतात. घाटाजवळच्या पाटणच्या माणसाने हे चित्र बघून निर्धास्त होऊ नये.

उद्या म्हणजे कोणता उद्या?

रात्री अकराचं बातमीपत्र सकाळी सहाला पुन्हा लागतं. त्यातला 'उद्या' म्हणजे आजच. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या स्क्रीनशॉटचंही तसंच. तारीख दिसत नसेल तर पुढे पाठवू नका.

आपल्या टीव्हीचा दोष वाहिनीच्या माथी मारणं

राज्याच्या नकाशात आपण दक्षिणेच्या टोकाला. तिथेच ब्रेकिंग न्यूजची पट्टी बसते. त्यात सेट-टॉप बॉक्स 'झूम'वर असेल तर कोल्हापूर पूर्ण आणि सांगली अर्धी गायब. चित्राचा आकार 16:9 किंवा 'ऑटो' करा. टीव्हीच्या 'व्हिव्हिड' या भडक रंगांच्या सेटिंगमध्ये नारिंगी लालसर होतो आणि दोन इशाऱ्यांत फरक उरत नाही, 'स्टँडर्ड' ठेवा. घरात कुणाला लाल-हिरव्यातला फरक कळत नसेल तर रंगावर विसंबू नका, शब्द ऐका.

"आवडलं नाही" एवढीच तक्रार करणं

ब्रिटनमध्ये बीबीसीने मे 2005 मध्ये 1975 पासून चालत आलेली ढग-सूर्याची चिन्हं काढून त्रिमितीय नकाशा आणला. जमीन हिरव्याऐवजी मातकट झाली आणि नकाशा दक्षिणेकडून तिरका झाला. हजारो लोकांनी तक्रारी केल्या. "रंग भिकार आहे" म्हणणाऱ्यांच्या हाती फारसं लागलं नाही, मातकट जमीन पुढे बरीच वर्षं राहिली. "तिरपेपणामुळे स्कॉटलंड आक्रसलाय" म्हणणाऱ्यांचं मात्र काही आठवड्यांत ऐकलं गेलं आणि कोन बदलला. माझ्या मते हाच नमुना उचलावा.

वाहिनीला कळवताना शिव्या नकोत आणि "जुनं तेच बरं होतं" हेही नको. बातमीपत्राची वेळ, तारीख, काय दिसलं नाही आणि काय हवंय एवढं लिहा: "रात्री नऊच्या बातम्यांत सांगली जिल्हा खालच्या पट्टीआड जातो, नकाशा वर घ्या. सातारा घाट वेगळ्या रंगात दाखवा. रंगसूची तीन सेकंदांत जाते, ती शेवटपर्यंत ठेवा." सोबत पडद्याचा फोटो जोडा. फोटो काढण्याआधी टीव्हीचा झूम बंद आहे ना ते बघा, नाहीतर चूक आपल्याच घरची निघायची.