‘ऴ’ शिकताय? या चुका टाळा, निदान ‘झ’ तरी म्हणू नका

बेळगावात टिळकवाडीत माझ्याकडं नोकरीसाठी चेन्नई-कोइमतूरला निघालेली पोरं बोलण्यापुरती तमिळ शिकायला येतात. व्याकरणाला फारसं कुणी अडत नाही, पण एका अक्षरापाशी सगळ्यांची गाडी थांबते. ते अक्षर म्हणजे ऴ, ळच्या खाली नुक्ता. तमिळ आणि मल्याळममध्ये हा रोजच्या बोलण्यातला उच्चार, पण जगातल्या बाकी भाषांत क्वचितच सापडतो. ‘तमिळ’ या नावाच्या शेवटीसुद्धा खरं तर हाच आहे. तरी पोरं म्हणतात, "सर, एवढं एक सोडून देऊया की ओ!"

नाही सोडायचं.

माझं डोकं सगळ्यात जास्त उठतं ते ‘झ’मुळं. इंग्रजीत हा उच्चार झेड-एच असा लिहितात, आणि आपण इंग्रजीवरून वाचतो. म्हणून कोझिकोड, अलप्पुझा, कनिमोझी. गंमत बघा, त्याच बातमीत ‘द्रविड मुन्नेत्र कळघम’ छापलेलं असतं. कळघममधला ळ आणि कनिमोझीमधला झ, मूळ अक्षर एकच. पक्षाला एक न्याय, खासदाराला दुसरा! त्या झेड-एचचा झशी काहीही संबंध नाही.

हे मी एवढं चिडून सांगतो कारण मी स्वतः यात तोंडावर पडलोय. पहिल्यांदा कोइमतूरला गेलो तेव्हा खिशात रोमन लिपीतली वाक्यांची चिठ्ठी होती. रस्ता कुठं, हे विचारायचं होतं. ‘वऴि एंगे’ म्हणायचं, ते मी ‘वझी एंगे’ म्हणत तीन माणसांना गाठलं. तिघंही नुसते बघत राहिले. चौथ्यानं सांगितलं, झ नाही, ल सारखं काहीतरी. मला तेवढंच पुरलं. घाई होती ना! पुढच्या दुकानात शिरून ठणकावून विचारलं, ‘वलि एंगे?’ म्हणजे ‘दुखणं कुठं आहे?’ दुकानदार भला माणूस. कपाळाला हात लावून म्हणाला, ‘तलैवलिया?’ मला वाटलं रस्त्याचं नाव सांगतोय, मी मान डोलावली. त्यानं डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी पुढं सरकवली. पैसे देऊन बाहेर पडलो. तासाभरानं डोकं खरंच दुखायला लागलं, तेव्हा ती पट्टी उपयोगी पडली, हा भाग वेगळा.

दुसरी चूक जिभेची. आपल्या ळला जिभेचं टोक मागं वळतं, टाळूला लागतं आणि झटक्यात खाली येतं. ऴला टोक तसंच मागं वळवायचं, पण टाळूला लावायचं नाही. तिथंच अधांतरी धरायचं आणि आवाज वरून वाहू द्यायचा. मागं खानापूरचा एक पोरगा रडकुंडीला आला, "जीभ वळंना झालीया ओ सर!" अरे, वळतेय की, टेकतेय तेवढी टेकवू नको! ओळखायची खूण सोपी आहे. मराठी ळ लांबवता येत नाही, उच्चारला की संपला. ऴ श्वास पुरेल तेवढा ताणता येतो. ताणता आला नाही, तर जीभ कुठंतरी टेकलीय.

आरशासमोर बसू नका, आत काय चाललंय ते दिसत नाही. ओठांचा चंबू करू नका, तो इंग्रजी ‘आर’ होतो. सुरुवातीलाच ‘वाऴैप्पऴम्’ (केळं) घेऊ नका, त्यात दोन ऴ आहेत. आणि मोबाईलवर दहा मिनिटं ऐकून ‘जमलं सर’ म्हणणाऱ्याला मी सरळ घरी पाठवतो.

आपल्या भागातल्या माणसाला खरं तर एक फायदा आहे, पण कुणी वापरत नाही. हळेगन्नडात, म्हणजे जुन्या कन्नडमध्ये, हा उच्चार होता. 13व्या शतकात केशिराज या कन्नड व्याकरणकारानं तो कुठल्या शब्दांत येतो याची यादीच दिली, म्हणजे तेव्हाच लोकांचा गोंधळ होत असणार. पुढं बऱ्याच ठिकाणी त्याचा ळ झाला. म्हणून बाजारात आपण ऐकतो ते कोळी (कोंबडी), मळे (पाऊस), एळु (सात) तमिळमध्ये कोऴि, मऴै, एऴु होतात. पण दिसला ळ की वळव जीभ, असंही करू नका. आपली हळ्ळी (खेडं) तिकडं पळ्ळि, तिथं साधाच ळ. जोड ळ्ळ असेल तिथं ऴ नसतोच. शब्दाच्या सुरुवातीलाही नसतो.

इतकं करूनही नाही आलं, तर सरळ ळ म्हणा. तिकडचीही पुष्कळ माणसं ळच म्हणतात, आणि मलबारकडं काहीजण चक्क य म्हणतात. कुणी हसणार नाही. मी स्वतः सराव केला तो रेल्वेच्या दुसऱ्या गेटला. गेट पडलं की स्कूटर बंद करायची, हेल्मेट काढायचं नाही, आणि गाडी जाईपर्यंत आतल्या आत ‘अऴऴऴ’ धरून ठेवायचं. मालगाडी असली तर उत्तम.