मुंबई ते लंडन: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ घरबसल्या कसा काढावा

विश्रामबागेतील आमच्या शेजारच्या काकूंनी मुलाकडे जाण्यासाठी लंडनचे तिकीट काढले. त्यावर मुंबईहून दुपारी २ वाजता प्रस्थान आणि त्याच दिवशी सायंकाळी ७ वाजता आगमन, असे वाचून त्या म्हणाल्या, "पाच तासांत लंडन? एवढ्यात तर सांगलीची एसटी कशीबशी पुण्याला पोचते."

तिकिटावरील वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्या साडेचार तास मागे असते, एरवी साडेपाच तास. काकूंचा प्रवास जूनमधला, म्हणून पाचात साडेचार मिळवावेत. साडेनऊ तास होतात.

हा आकडा पडताळण्यासाठी आधी अंतर हवे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नये, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना अंतरे बिघडतात. त्याऐवजी मुलांचा पृथ्वीगोल घ्यावा आणि मुंबई व लंडन या दोन ठिपक्यांवर शिवणाचा दोरा ताणून धरावा. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर येतो. पृथ्वीचा परीघ अंदाजे ४०,००० किलोमीटर असल्याने एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. दोरा १७ सेंटिमीटर भरतो, म्हणजे अंतर ७,२०० किलोमीटरच्या आसपास. (दोरा न्यूयॉर्कपर्यंत ताणून पाहावा, तो सरळ पश्चिमेला न जाता रशिया आणि आइसलँडकडे वर चढतो, याची गंमत काकूंना फार वाटली.)

गणिताची आवड असणाऱ्यांनी अक्षांश-रेखांश घ्यावेत: मुंबई १९ उत्तर, ७३ पूर्व, लंडन ५१.५ उत्तर, ०. दोन्ही अक्षांशांच्या साइनच्या गुणाकारात, दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार मिळवावा. उत्तर ०.४२७ येते, हा ज्या कोनाचा कोसाइन आहे तो ६४.७ अंशांचा, आणि दर अंशाला १११.२ किलोमीटर धरले की पुन्हा तेच ७,२००.

आता वेळ. मोठे जेट विमान ताशी साधारण ८५० किलोमीटरने जाते, म्हणजे साडेआठ तास; धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि उतरणे यांसाठी अर्धा तास धरावा. उरलेला अर्धा तास वाऱ्याचा आणि वळणांचा. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना ते अंगावर येतात आणि परतीचा प्रवास बहुधा लवकर आटोपतो. वळणे मात्र राजकारणावरही ठरतात: २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना लांबचा वळसा पडला.

सांगलीकराने याला रस्ताही जोडावा. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी, म्हणजे ११ वाजता विमानतळावर पोचायचे, आणि खंडाळ्याच्या घाटात वाहतूक कधी तुंबेल याचा नेम नसतो. म्हणून काकूंनी आदल्या रात्री १० ची बस ठरवली. लंडनला सायंकाळचे ७ वाजतील तेव्हा इथे रात्रीचे साडेअकरा झालेले असतील. घर सोडल्यापासून साडेपंचवीस तास, त्यांपैकी विमानातले साडेनऊ.