दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका लावताना

मुखपृष्ठाचं काम हाती आलं की मी आधी कॉम्प्युटर उघडत नाही. दिवाळीत अप्पा बळवंत चौकात काढलेले स्टॉलचे फोटो उघडते. तिथे अंक पायऱ्यांसारखे एकावर एक मांडलेले असतात आणि बहुतेकांचा दिसतो तो वरचा चार बोटांचा पट्टा. अंकाचं नाव वर घालायची रीत या मांडणीशी जुळते. तेव्हा नाव, 'दिवाळी' हा शब्द आणि वर्ष त्या पट्ट्यात बसवा.

नाव लावताना शिरोरेषेवरची जागा मोजा. वेलांटी, मात्रा, रफार वर चढतात. माझ्या पहिल्याच अंकात कटिंगला वेलांटीचा शेंडा उडाला आणि संपादकांनी ते मला पुढच्या चार दिवाळ्या ऐकवलं. चित्र कडेबाहेर ३ मिलिमीटर सोडा. अक्षरं मात्र कडेपासून किमान ८ मिलिमीटर आत.

चित्राबद्दल संपादकांशी भांडण ठरलेलंच. चित्रकार दीनानाथ दलालांनी 'दीपावली' या अंकाच्या मुखपृष्ठांवर रंगवलेल्या स्त्रिया लोकांच्या डोळ्यांत इतक्या बसल्यात, की अजूनही 'निरांजन घेतलेली बाई टाका' असं सांगितलं जातं. टाका, पण चेहरा अंकाच्या नावाच्या खालच्या बाजूला येऊ द्या, आणि लेखकांच्या नावांची यादी तिच्या गालावर छापू नका. नावांसाठी चित्रकाराकडून डावीकडे किंवा खाली मोकळा भाग आधीच मागून घ्यावा. चित्र हातात आल्यावर जागा शोधत बसलात, तर शेवटी पांढऱ्या अक्षरांना काळी सावली द्यावी लागते आणि मुखपृष्ठ लग्नाच्या बॅनरसारखं दिसतं.

'आवाज' या विनोदी दिवाळी अंकासारखी खिडकी, म्हणजे मागच्या पानावरचं चित्र दिसेल असं भोक, काढायचा मोह होतो. डाय (कापायचा साचा), कापणी, मागच्या पानाशी जुळणी, सगळा खर्च वाढतो. आधी त्याच कागदाची डमी हाताने कापून बघा. दोन मिलिमीटर सरकलं की विनोद मेला.

कणा मात्र कुणी लक्षात घेत नाही. कपाटात अंक उभा ठेवला की तेवढाच दिसतो. पानसंख्या पक्की झाल्यावर छापखान्याकडून कोऱ्या कागदाची डमी मागवा आणि पट्टीने जाडी मोजा. अंदाजाने कणा आखलात तर नाव वळून मलपृष्ठावर जातं.

आता अनुक्रमणिका. हिचं काम एकच, वाचकाला पान सापडलं पाहिजे. मी पानाचा आकडा शीर्षकाच्या डावीकडे घालते. उजव्या कडेपर्यंत ठिपक्यांची रांग ओढली की डोळा मधेच ओळ चुकतो. कथा, लेख, परिसंवाद, कविता, राशिभविष्य असे विभाग पाडा आणि विभागाचं नाव ठळक करा. लेखकाचं नाव शीर्षकाहून एक पॉइंटने लहान चालतं, पण सगळ्यांचं सारखंच. एकाचं जाड केलंत तर फोन येतो. कवींची नावं एका ओळीत कोंबू नका, तिथेही फोन येतो.

आकडे अगदी शेवटी. जाहिराती छपाईच्या आदल्या रात्रीपर्यंत येतात आणि १६ पानांचा फर्मा (एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा) सरकतो. तोवर मी प्रत्येक ठिकाणी लाल '००' ठेवते. एका वर्षी त्यातलं एक तसंच छापून गेलं, ते नेमकं एका ज्येष्ठ लेखकाच्या कथेपुढे. आता छपाईआधी दोघी बसतो: एक अनुक्रमणिका वाचते, दुसरी छापील प्रूफमधलं ते पान उलटून शीर्षक मोठ्याने म्हणते.

श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर 'ऱ्या' आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. आणि फॉन्टमध्ये भाषा 'मराठी' निवडा, नाहीतर काही फॉन्टांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात.

अनुक्रमणिकेच्या खालच्या चौकटीत मुद्रक, प्रकाशक, छपाईचं ठिकाण, मुखपृष्ठाचा चित्रकार आणि अक्षरजुळणी करणाऱ्याचं नाव. हे शेवटचं संपादक विसरतात, म्हणून मी स्वतःच टाईप करून ठेवते.